भारतीय महिला फुटबॉल संघाची प्रशिक्षक व्हायचे आहे : एका क्रीडाशिक्षिकेच्या पत्राला उत्तर

पत्राचा सारांश : मी २६ वर्षांची असून कोल्हापूर जिल्ह्यातील एका खासगी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. विद्यापीठाच्या संघातून मधल्या फळीत खेळत होते. गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाची दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली आणि स्पर्धात्मक खेळ सुटला. भारतीय महिला फुटबॉल संघाची मुख्य प्रशिक्षक व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. देशाकडून कधीही न खेळलेल्या मुलीला हे शक्य आहे का? त्यासाठी किती वर्षे लागतात? नोकरी सोडून प्रशिक्षणाच्या परवान्यांच्या मागे लागावे का? वडील म्हणतात, स्पर्धा परीक्षा दे. भाऊ म्हणतो, ही पदे पुरुषांना नाहीतर परदेशी माणसांना मिळतात. सध्या शाळेच्या मैदानावर माझ्याकडे चौदा मुली येतात, पण नववीत गेल्या की घरचे त्यांचा खेळ बंद करतात. मी काय करावे?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे देता येते, म्हणून तिथूनच सुरुवात करते. देशाकडून न खेळलेली व्यक्ती राष्ट्रीय संघाची प्रशिक्षक होऊ शकते, आणि महिला फुटबॉलमधली काही सर्वांत मोठी विजेतेपदे अशाच प्रशिक्षकांच्या नावावर आहेत. जिल एलिस यांचे बालपण इंग्लंडमधल्या पोर्टस्मथला गेले. त्यांच्या लहानपणी तिथे मुलींसाठी रीतसर संघच नव्हते. १९८१ मध्ये कुटुंब अमेरिकेत गेल्यावर त्यांना संघ मिळाला. महाविद्यालयाकडून त्या उत्तम खेळल्या, पण राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचल्या नाहीत. पुढे तांत्रिक लेखनाची नोकरी सोडून त्या विद्यापीठांच्या संघांत सहायक प्रशिक्षक म्हणून काम करू लागल्या. १९९९ ते २०१० या काळात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ त्यांच्याकडे होता. त्याच सुमारास त्यांनी अमेरिकेच्या वयोगटातील संघांबरोबर काम केले, मुख्य संघात पिया सुंदहागे यांच्या सहायक म्हणून काम केले, दोनदा हंगामी प्रशिक्षकपद सांभाळले आणि २०१४ मध्ये त्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. २०१५ आणि २०१९ असे लागोपाठ दोन विश्वचषक त्यांच्या संघाने जिंकले. महिला विश्वचषक दोनदा जिंकणाऱ्या त्या पहिल्या प्रशिक्षक. पहिल्या सहायकपदापासून राष्ट्रीय संघापर्यंतचा हा प्रवास जवळपास पाव शतकाचा आहे, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भात लक्षात ठेवावे.

एमा हेज यांची वाटचाल तुम्हाला अधिक जवळची वाटेल, कारण त्यांचाही खेळ दुखापतीनेच थांबला. किशोरवयात घोटा दुखावल्यामुळे खेळाडू म्हणून पुढे जाण्याची शक्यता संपली. मग त्या अमेरिकेत लहान संघांना शिकवू लागल्या, इंग्लंडला परतून आर्सेनलच्या महिला संघात सहायक झाल्या, आणि शिकागोच्या व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळाल्यावर २०१० मध्ये त्यांना तिथून काढून टाकण्यात आले. त्यानंतर काही काळ त्या लंडनला घरच्या व्यवसायात होत्या. २०१२ मध्ये चेल्सीने त्यांना बोलावले आणि तिथे त्या बारा वर्षे राहिल्या. २०२४ च्या मे महिन्यात त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे घेतली, आणि ऑगस्टमध्ये त्या संघाने पॅरिसला ब्राझीलचा १-० असा पराभव करून ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले. बातम्यांमध्ये या तीन महिन्यांचेच कौतुक अधिक झाले, पण तुम्ही अभ्यास करावा तो शिकागोचे पद गेल्यानंतरच्या दोन वर्षांचा. पद गेल्यावरही ज्या व्यक्तीला हेच काम करावेसे वाटते, तिनेच या मार्गावर यावे असे माझे मत आहे.

जे देशाकडून भरपूर खेळले, त्यांनाही हा रस्ता जवळचा पडलेला नाही. जर्मनीच्या सिल्व्हिया नाइड राष्ट्रीय संघाकडून शंभराहून अधिक सामने खेळल्या, तरी १९९६ पासून २००५ पर्यंत त्या टिना टॉयने यांच्या हाताखाली सहायक होत्या. मुख्य प्रशिक्षक झाल्यावर त्यांच्या संघाने २००७ चा विश्वचषक एकही गोल न स्वीकारता जिंकला आणि २०१६ मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण मिळवले. दक्षिण आफ्रिकेच्या डेझिरे एलिस या आपल्या देशाच्या पहिल्या महिला संघातील खेळाडू आणि पुढे कर्णधार. त्यांनाही कायम नेमणुकीपूर्वी बराच काळ हंगामी पदावर थांबावे लागले.

तुमची आजची परिस्थिती पाहता मला सर्वांत उपयोगी वाटते ती सरिना विगमन यांची कारकीर्द, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. त्यांचा जन्म १९६९ चा, हेग शहरातला. मुलींना संघ नसल्यामुळे लहानपणी केस कापून त्या मुलांच्या संघात खेळत. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघाच्या त्या कर्णधार झाल्या, पण त्या काळात तिथे महिला फुटबॉलवर घर चालत नव्हते, म्हणून खेळत असतानाच त्या हेगमधल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत. २००३ मध्ये त्यांनी खेळणे थांबवले, २००६ मध्ये आपल्या जुन्या क्लबच्या महिला संघाचे प्रशिक्षकपद घेतले, आणि २००७ मध्ये नेदरलँड्सची महिला लीग सुरू झाल्यावर एडीओ डेन हाग या क्लबने त्यांना बोलावले. तिथे त्या सात वर्षे राहिल्या. २०१४ मध्ये राष्ट्रीय संघात सहायक झाल्या. २०१६ मध्ये युरोपातील सर्वोच्च असा प्रो परवाना मिळवला. त्याच वर्षी रॉटरडॅमच्या स्पार्टा क्लबमध्ये पुरुषांच्या युवा संघाबरोबर काम केले. व्यावसायिक पुरुष क्लबमध्ये असे काम करणाऱ्या त्या नेदरलँड्समधील पहिल्या महिला ठरल्या. २०१७ च्या जानेवारीत, म्हणजे मायदेशातील युरो या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेला अवघे सहा महिने उरले असताना, राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला. त्या स्पर्धेत नेदरलँड्सने सहाच्या सहा सामने जिंकले, आणि एन्स्केडे येथील अंतिम सामन्यात डेन्मार्कला ४-२ असे हरवले.

पुढचे तुम्हाला ठाऊक असेल. २०१९ च्या विश्वचषकात अंतिम फेरी. २०२१ पासून इंग्लंडचा संघ. २०२२ च्या युरोत वेम्बली येथे ८७,१९२ प्रेक्षकांसमोर जर्मनीवर जादा वेळेत २-१ असा विजय. २०२३ च्या विश्वचषकात स्पेनकडून अंतिम सामन्यात पराभव. २०२५ च्या युरोत त्याच स्पेनवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात. दोन देशांना मिळून लागोपाठ तीन युरो विजेतेपदे मिळवून देणाऱ्या या बाईंच्या आयुष्यात शाळेच्या मैदानावरची वर्षे वाया गेलेली नाहीत. पन्नास मिनिटांच्या तासात तीस मुलांना कामाला लावणे, सूचना दोन वाक्यांत संपवणे, रुसलेल्या आणि बुजलेल्या मुलाला खेळात ओढून घेणे, ही कौशल्ये शिक्षकाला रोज वापरावी लागतात, आणि राष्ट्रीय प्रशिक्षकाला नेमकी हीच लागतात, कारण त्याच्याही हाती वेळ थोडाच असतो.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, आज नोकरी सोडू नये. जिल एलिस यांनी नोकरी सोडली हे खरे, पण त्यांनी ती एका संघाचे ठरलेले काम हाती आल्यावर सोडली. परवाने मिळवण्यासाठी घरी बसणे ही वेगळी गोष्ट आहे. परवाना घेऊन आलेल्या व्यक्तीला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘सध्या कोणता संघ तुमच्याकडे आहे’ हा, आणि तुमच्याकडे आज त्याचे उत्तर आहे. वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमांत तर आपण शिकवत असलेल्या संघाबरोबरचे प्रत्यक्ष काम हाच मूल्यमापनाचा मोठा भाग असतो. ज्या दिवशी एखादा क्लब किंवा अकादमी तुम्हाला लेखी करार, निश्चित मानधन आणि स्वतःचा संघ देईल, त्या दिवशी नोकरीचा विचार पुन्हा करावा.

आता भावाच्या म्हणण्याकडे वळते. त्याची शंका निराधार नाही. २०२३ च्या महिला विश्वचषकात ३२ संघ होते आणि त्यांपैकी १२ संघांच्या मुख्य प्रशिक्षक महिला होत्या. म्हणजे महिलांच्या सर्वोच्च स्पर्धेतही दोन तृतीयांशाच्या आसपास पदे पुरुषांकडे होती. भारतात वरिष्ठ महिला संघाला पहिली महिला मुख्य प्रशिक्षक मिळाली ती २०१७ मध्ये, आणि त्या होत्या गोव्याच्या माजी भारतीय खेळाडू मेमोल रॉकी. त्यांच्या कारकिर्दीत २०१९ च्या मार्चमध्ये विराटनगरला नेपाळला ३-१ असे हरवून भारताने दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पोखरा येथे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले. २०२१ मध्ये त्यांनी वैयक्तिक कारण देऊन पद सोडले. त्यानंतर स्वीडनचे थॉमस डेनरबी आले, पुढे सुरेन छेत्री, मणिपूरच्या लांगम चाओबा देवी, मुंबईचे संतोष कश्यप, स्वीडनचेच जोआकिम अलेक्झांडरसन आणि मग २०२५ मध्ये क्रिस्पिन छेत्री. चार वर्षांत एका संघाने इतके प्रशिक्षक पाहावेत, ही गोष्ट मला खेळाडूंच्या दृष्टीने अन्यायाची वाटते. प्रत्येकाची पद्धत निराळी असते, आणि दर वेळी नव्याने स्वतःला सिद्ध करण्यात मुलींचे उमेदीचे हंगाम निघून जातात.

याच यादीतून भावाला एक उत्तरही देता येते. क्रिस्पिन छेत्री राष्ट्रीय संघाकडे आले ते महिलांच्या क्लब फुटबॉलमधून, ओडिशा एफसीला २०२३-२४ ची इंडियन विमेन्स लीग जिंकून दिल्यानंतर. त्यांच्या संघाने ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे यजमान थायलंडला २-१ असे हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते. त्या विजयामुळे भारत ऑस्ट्रेलियातील २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्रता फेरीतून पात्र ठरला. थोडक्यात, आपल्याकडेही महिला लीगमध्ये वर्षानुवर्षे काम करणाऱ्या प्रशिक्षकाकडे महासंघाचे लक्ष जाते. स्त्री असल्यामुळे तुमच्या वाट्याला अधिक अडचणी येतील, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही पन्नाशीत जाल तेव्हाची स्थिती आज ठरलेली नाही, आणि ती बदलायची तर लीगच्या बाकावर बसलेल्या महिला प्रशिक्षकांची संख्या आधी वाढली पाहिजे.

या पदाचे स्वरूपही समजून घ्यावे. क्लबचा प्रशिक्षक खेळाडूंना रोज भेटतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू वर्षातून काही मोजक्या आठवड्यांसाठी मिळतात, तेही वेगवेगळ्या क्लबांतून, वेगवेगळ्या सवयी आणि दुखापती घेऊन. उरलेला वेळ सामने पाहणे, चित्रफितींचा अभ्यास, निवड, क्लबांशी बोलणी आणि महासंघाला उत्तरे देणे यात जातो. ज्याला रोज संध्याकाळी मैदानावर उभे राहण्यात आनंद आहे, अशा उत्तम प्रशिक्षकाला हे काम कोरडे वाटू शकते. त्यामुळे राष्ट्रीय संघाचे पद हे एकच ध्येय डोळ्यांसमोर ठेवून चालू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ते पद मिळेल की नाही, आणि मिळाल्यास किती दिवस टिकेल, हे पुष्कळदा इतरांच्या हाती असते. डेनरबी यांच्याकडे स्वीडनला २०११ च्या विश्वचषकात तिसरे स्थान मिळवून दिल्याचा आणि २०१८ मध्ये नायजेरियाला आफ्रिकेचे विजेतेपद मिळवून दिल्याचा अनुभव होता. तरीही २०२२ च्या जानेवारीत नवी मुंबईला झालेल्या आशियाई चषकात इराणशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर भारतीय चमूत कोविडची लागण पसरली, चायनीज तैपेईविरुद्ध संघ उतरवता आला नाही आणि यजमान भारताची स्पर्धा तिथेच संपली. कित्येक महिन्यांच्या तयारीचे फळ एका आजाराने नेले, आणि कोणत्याही प्रशिक्षकाकडे त्यावर उपाय नव्हता.

त्याच स्पर्धेचा शेवट मात्र तुम्ही प्रशिक्षकाच्या नजरेने पुन्हा पाहावा. चीनच्या प्रशिक्षक शुई छिंगशिया या १९९६ च्या ऑलिम्पिक रौप्यपदक विजेत्या संघातील खेळाडू. राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे येऊन जेमतेम काही महिने झाले होते. बालेवाडीत जपानविरुद्धचा उपांत्य सामना त्यांच्या संघाने पेनल्टींवर जिंकला. ६ फेब्रुवारी रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाने मध्यंतरापर्यंत २-० अशी आघाडी घेतली होती. दुसऱ्या सत्रात चीनने दोन गोल फेडले आणि भरपाई वेळेत बदली खेळाडू शिआओ युयीने तिसरा गोल करून सामना ३-२ असा जिंकला. मध्यंतरानंतर कोणाला बाहेर बोलावले, कोणाला आत पाठवले, आणि त्यामुळे चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात अधिक जाऊ लागला, याची नोंद कागदावर करून पाहा. एखादा सामना असा तीनदा पाहिला, तर एका व्याख्यानाइतके शिकायला मिळते.

डावपेचांपलीकडची एक बाब मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे खेळाडूंचा विश्वास. स्पेनच्या पंधरा खेळाडूंनी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये महासंघाला पत्रे पाठवून, आहे त्या परिस्थितीत आपण राष्ट्रीय संघाकडून खेळू शकत नाही असे कळवले होते. प्रशिक्षक होर्खे विल्दा यांच्या कारभाराविषयीचा असंतोष तेव्हा जगासमोर आला. पुढच्या वर्षी त्यांच्याच प्रशिक्षणाखाली स्पेनने विश्वचषक जिंकला, तरी काही आठवड्यांत त्यांना पदावरून दूर करण्यात आले. आपल्याकडे २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या परदेश दौऱ्यात सहायक प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला आणि त्यांना काढून टाकण्यात आले. मुलींच्या प्रत्येक संघाबरोबर जबाबदार महिला असली पाहिजे, हा आग्रह तुम्ही शालेय पातळीपासूनच धरावा. प्रवासात, राहण्याच्या जागी, मालिशच्या आणि उपचारांच्या वेळी कोणते नियम पाळायचे हे लिहून काढावे, मुख्याध्यापकांची सही घ्यावी आणि ते पालकांना वाचून दाखवावेत. कोणत्याही मुलीला जिच्याकडे तक्रार करता येईल अशी एक व्यक्ती संघाबाहेरची असावी. राष्ट्रीय शिबिरात जी उणीव भासली, ती उणीव तुमच्या चौदा मुलींच्या संघात राहू नये.

परवान्यांविषयी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची शिडी ‘ई’ आणि ‘डी’ या प्राथमिक पायऱ्यांपासून सुरू होऊन आशियाई महासंघाच्या ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि शेवटी ‘प्रो’ परवान्यापर्यंत जाते. महाराष्ट्रात सुरुवातीचे अभ्यासक्रम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या सहकार्याने होतात. तुम्हाला ते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनमार्फत विचारता येतील. शुल्क, तारखा आणि प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या अर्जाच्या वेळी महासंघाच्या संकेतस्थळावरून पडताळून घ्याव्यात, आणि महिला उमेदवारांसाठी स्वतंत्र वर्ग किंवा सवलत जाहीर झाली आहे का, हेही पाहावे. ‘डी’ यावर्षी, आणि मध्ये एक पूर्ण हंगाम संघ शिकवून मग ‘सी’, असा वेग पुरेसा आहे. घाईघाईने परवाने जमवणाऱ्या व्यक्तीचे शिकवणे कच्चे राहते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा आणखी एक मार्ग आहे. शासकीय क्रीडा प्रशिक्षकाच्या नोकरीसाठी तिचा उपयोग होतो, आणि वडिलांशी बोलताना ही माहिती कामी येईल. त्यांची चिंता तुमच्या पगाराची आणि म्हातारपणाची आहे, फुटबॉलशी त्यांचे वैर नाही. नोकरी चालू ठेवून सुट्ट्यांमध्ये परवाने घेणार आहात, असे त्यांना वर्षांच्या आणि रुपयांच्या हिशेबासह सांगितले, तर ते ऐकून घेतील असे मला वाटते. स्पर्धा परीक्षा मात्र केवळ त्यांच्या समाधानासाठी देऊ नये. अर्धवट मनाने दिलेली परीक्षा आणि अर्धवट वेळ दिलेला संघ, दोन्ही हातचे जातात.

तुम्ही ज्या शहराच्या जवळ राहता, त्याचाही उपयोग करून घ्या. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ या स्थानिक संघांच्या सामन्यांना होणारी गर्दी महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसेल. हे पुरुषांचे फुटबॉल असले, तरी तिथल्या जुन्या प्रशिक्षकांना बचाव फळी कशी बांधायची हे उत्तम कळते. एखाद्या तालमीच्या संघाबरोबर हंगामभर सामन्यांची नोंद ठेवण्याचे, विश्लेषणाचे काम मागून पाहा. सुरुवातीला हसतील, नकारही देतील. विगमन यांना पुरुषांच्या क्लबमध्ये जे शिकायला मिळाले, ते तुम्हाला पेठेतल्या संघातही मिळू शकते. शिवाय इंडियन विमेन्स लीगच्या पहिल्या काही हंगामांपैकी एकात कोल्हापूरचा संघ खेळलेला आहे, त्यामुळे शहराला महिला फुटबॉल अगदीच अपरिचित नाही. त्या काळात काम केलेल्या लोकांना भेटून महिला संघ चालवायला काय खर्च येतो, खेळाडू कुठून मिळतात आणि अडचण नेमकी कुठे येते, हे विचारून घ्यावे.

तुमच्या गुडघ्याविषयीही लिहिते, कारण पत्रात त्याचा उल्लेख तुम्ही खंतावून केला आहे. एसीएलची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक प्रमाणात होते, हे क्रीडावैद्यकातील मान्य निरीक्षण आहे. उडी मारून खाली येताना गुडघा आत वळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद कमी असणे, सरावाच्या आधी शरीर नीट तापवलेले नसणे, अशी कारणे त्यामागे असतात. फिफाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा व्यायामक्रम नियमित केल्यास दुखापती लक्षणीय प्रमाणात कमी होतात. त्याला कोणतेही खास साहित्य लागत नाही. तो उद्यापासून तुमच्या मुलींकडून करून घ्या. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालायला शिकलेली प्रशिक्षक जेव्हा उडीनंतर गुडघा कसा ठेवायचा हे सांगते, तेव्हा मुली ते मनावर घेतात. मासिक पाळी, लोहाची कमतरता, रिकाम्या पोटी सराव, या विषयांवरही त्या तुमच्याशी बोलू शकतील. तुमचे हे वेगळेपण कोणत्याही परवान्यावर लिहिलेले नसेल, पण संघाच्या खेळात दिसेल.

राहिला नववीतल्या मुलींचा प्रश्न. तुम्ही तो पत्राच्या शेवटी लिहिला, पण तुमच्या कारकिर्दीच्या दृष्टीने तोच पहिला आहे. बांगलादेशच्या मयमनसिंह जिल्ह्यात, मेघालयाच्या सीमेजवळ कलसिंदूर नावाचे गाव आहे. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेतील शिक्षकांनी शालेय स्पर्धेसाठी मुलींचा संघ उभा केला. सुरुवातीला घराघरांतून विरोध झाला. मारिया मांडा, संजिदा अख्तर, शामसुन्नाहार अशा मुली त्या गावातून राष्ट्रीय संघात गेल्या आणि २०२२ मध्ये काठमांडूला बांगलादेशने सॅफ विजेतेपद पटकावले. त्या स्पर्धेच्या साखळी सामन्यात भारत ०-३ असा हरला होता. तेव्हाचे त्यांचे राष्ट्रीय प्रशिक्षक गुलाम रब्बानी छोटन २००९ पासून त्या पदावर होते, म्हणजे शाळेतून आलेल्या मुलींना एकाच माणसाने वर्षानुवर्षे घडवले. एका शाळेचे शिक्षक आणि टिकून राहिलेला एक राष्ट्रीय प्रशिक्षक, या दोघांच्या कामाची सांगड बसली की काय होते, ते यातून दिसते.

तुमच्याकडे मुलींचा खेळ का थांबतो याची कारणे प्रत्येक घरात वेगळी असतील. दहावीचा अभ्यास, अंधार पडल्यावर घरी परतणे, अर्धी चड्डी, घरकाम, लोक काय म्हणतील ही भीती. म्हणून एकच सभा घेऊन सर्वांना एकत्र समजावण्यापेक्षा आठवीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत एकेका घरी जावे, आणि वडिलांच्या आधी आईशी बोलावे. सराव शाळा सुटल्यावर ठेवण्याऐवजी शाळा भरण्यापूर्वी ठेवता येतो का ते पाहावे. गुडघ्यापर्यंतची विजार आणि लेगिंग घालून खेळायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. सुब्रतो चषकात मुलींसाठी १७ वर्षांखालील गट आहे, आणि शालेय स्पर्धेत जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढल्यास दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळते, हे पालकांना परिपत्रक दाखवून सांगावे. खेलो इंडियाच्या ‘अस्मिता’ लीगमध्ये लहान गटाचा संघ उतरवता येतो का, याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे करावी. या वर्षी नववीत जाणाऱ्या मुलींपैकी तिघी जरी मैदानावर राहिल्या, तरी पुढच्या वर्षी आठवीतल्या मुलींच्या आयांना भेटायला तुम्ही एकट्या जाणार नाही. त्या तिघींनाही बरोबर न्या, आणि त्यांच्या आयांनाही.